खोलीची किंमत आणि घरखर्च

गिरणगावातल्या दहा बाय सोळाच्या खोलीची आजची किंमत ऐकली की बाहेरचा माणूस थक्क होतो. त्या खोलीत राहणाऱ्याच्या घरखर्चात मात्र ही श्रीमंती शोधूनही सापडत नाही. याचं मूळ 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात आहे.

या कायद्याने बहुतेक जुन्या खोल्यांचं भाडं सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवलं. पगार वाढले, महागाई वाढली, भाडेपावतीवरचा आकडा जवळपास तसाच राहिला. महिन्याकाठी वाचणाऱ्या या पैशातून पोरांची शिक्षणं झाली, गावी मनिऑर्डरी गेल्या. भाडेकरूला घराने दिलेला खरा फायदा हाच. मालकाने मात्र दुरुस्तीतून अंग काढून घेतलं.

खोलीला बाजारात भाव होताच. त्याचं नाव पागडी: खोली ताब्यात घेताना नवा भाडेकरू देई ती एकरकमी रक्कम. पण पागडी घेणं त्या कायद्याने गुन्हा होता. व्यवहार रोखीत, मालकाला त्याचा हिस्सा, हातात फक्त नव्या नावाची पावती. अशा पावतीवर कोणती बँक कर्ज देणार? म्हणजे संपत्ती होती, पण ती तारण ठेवता येत नव्हती. अडीअडचणीला दागिनेच गहाण पडायचे. 1982 च्या गिरणी संपात अनेकांनी गाव गाठलं. खोलीचा पैसा हातात यायचा तर खोलीच सोडावी लागे. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट 31 मार्च 2000 पासून, नव्या भाडेनियंत्रण कायद्याने.

अमेरिकेत 2000 नंतरच्या तेजीत घराची किंमत वाढली की लोक त्यावर जादा कर्ज काढून खर्च करत; 2008 मध्ये ते अंगाशी आलं. आपल्याकडे ती वाट तेवढी रुळली नाही. गृहकर्ज देणारी एचडीएफसी 1977 मध्ये स्थापन झाली आणि मध्यमवर्गाला गृहकर्ज मिळू लागलं, पण ते घर घेण्यासाठी; घेतलेल्या घरातून पैसा काढण्यासाठी नव्हे. 2007 च्या अर्थसंकल्पात ज्येष्ठांसाठी उलट्या गहाणाची कल्पना आली: घरात राहायचं आणि बँकेने दरमहा पैसे द्यायचे. प्रतिसाद थंड. घर मुलांचं, ते बँकेला कसं लिहून द्यायचं, हा प्रश्न व्याजदरापेक्षा मोठा ठरला.

प्राप्तिकर कायदाही पैसा घरातच ठेवायला सांगतो. घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला, तर करसवलत मिळते. 2023 पासून तिला 10 कोटींची मर्यादा आहे. लालबागचं घर विकून डोंबिवलीत फ्लॅट घेणाऱ्यांचं गणित यात बरंचसं येतं. रिझर्व्ह बँकेच्या घरगुती वित्त समितीने 2017 मध्ये नोंदवलं, की सरासरी भारतीय कुटुंबाची 77 टक्के मालमत्ता स्थावर आहे, 11 टक्के सोन्यात आणि आर्थिक गुंतवणुकीत जेमतेम 5 टक्के.

पुनर्विकासाने चित्र थोडं बदललं, पण उलट्या बाजूने. ब्रिटिश काळातल्या सरकारी बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं, तेही फुकट. संपत्ती एका रात्रीत कैकपट होते. पगार तोच. दरमहा लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा, वॉचमनचा मेंटेनन्स मात्र आज ना उद्या सुरू होतो. म्हणून पुनर्विकासाच्या सभांमध्ये चौरस फुटांइतकाच वाद कॉर्पस फंडाच्या, म्हणजे रहिवाशांसाठी ठेवायच्या एकरकमी निधीच्या, रकमेवर होतो, कारण त्याच्या व्याजातूनच मेंटेनन्स भरायचा असतो.