एचेव्हेरिया ठाण्यात का टिकत नाही?

डिसेंबरात घोडबंदर रोडच्या रोपवाटिकेतून हौसेनं आणलेलं एचेव्हेरियाचं रोप, म्हणजे जाड, रसाळ पानांची फुलासारखी चकती असलेलं सक्युलंट, जुलैत जातं, ही ठाणे, वाशी, खारघरच्या गॅलऱ्यांमधली नेहमीची तक्रार. आधी खालचं एखादं पान पिवळट, पाणी भरल्यासारखं पारदर्शक होतं. बोट लागलं की गळून पडतं. दोन दिवसांत खोड काळं पडतं आणि वरची सगळी चकती अलगद हातात येते. खापर पावसावर फुटतं. पण या रोपाचं माहेर मेक्सिकोचं, आणि तिथेही पाऊस जून ते ऑक्टोबर याच महिन्यांत पडतो. मग बिनसतं कुठे?

उत्तराचा पहिला धागा भारतातच सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिणेत असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन याने पानफुटीची पानं चावून पाहिली. सकाळी चुक्याइतकी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडसर. त्याचं हे निरीक्षण 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. कारण उलगडायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा तेच आम्ल वापरून अन्न तयार होतं. पानफुटी आणि एचेव्हेरिया एकाच कुळातल्या, दोघींची रीत हीच.

म्हणजे या झाडांचं अर्धं काम रात्री चालतं, आणि त्यासाठी रात्र थंड लागते. बहुतेक एचेव्हेरिया डोंगरउतारांवर, खडकांच्या कपारीत वाढतात. मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर आहे आणि तिथली जुलैतली रात्र बारा-तेरा अंशांची असते. ठाण्यात त्याच महिन्यात पहाटेही पारा पंचविसाच्या आसपास, हवेत दमटपणा, आकाश दिवसेंदिवस झाकलेलं. झाड धड जेवत नाही, पाणीही ओढत नाही, आणि मुळाशी ठासून भरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलंच राहतं. बुरशीला आणखी काय हवं? माझ्या मते पाऊस इथे फक्त साथीदार आहे, खरा गुन्हेगार उकाड्याची रात्र.

हे डोंगरावरचं झाड जगभर कसं गेलं, ती कथा बागकामापेक्षा चित्रकलेची जास्त आहे. 1787 मध्ये स्पेनच्या राजाने मेक्सिकोतल्या वनस्पतींची नोंद करायला मोहीम सुरू केली. तिच्यातला एक चित्रकार होता अतानासिओ एचेव्हेरिया. मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ मोसिन्यो पुढे परागंदा झाला आणि चित्रं त्याने द कँडोल या स्विस शास्त्रज्ञाकडे ठेवली. 1817 मध्ये त्याने ती परत मागितली, तेव्हा जिनिव्हातल्या शंभराहून अधिक लोकांनी, त्यात बऱ्याच हौशी बायका, थोड्याच दिवसांत त्यांच्या नकला उतरवून काढल्या. द कँडोलने 1828 मध्ये या प्रजातीला त्या चित्रकाराचं नाव दिलं. चित्रकाराला स्वतःला याचा काही फायदा झाला असेल, असं वाटत नाही.

युरोपात मग व्हिक्टोरियन काळात सार्वजनिक बागांच्या जमिनीवर एचेव्हेरियाची नक्षी काढायची फॅशन आली. एडिंबरातल्या 1903 च्या फुलांच्या घड्याळातही ही रोपं लावतात. अलीकडच्या लाटेत कोरिया आणि चीनमधल्या हौशी मंडळींनी मागणी इतकी वाढवली, की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून एचेव्हेरियाची चुलत बहीण डडलेया चोरून उपटली जाऊ लागली. 2021 मध्ये तिथल्या सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

भारतात निवडुंग आणि सक्युलंटचं जुनं केंद्र म्हणजे कालिंपाँग, उंची साधारण 1,250 मीटर. पुणे, बंगळुरूची हवाही या रोपांना बरी मानवते. समुद्रसपाटीवरच्या ठाणे-नवी मुंबईत मात्र फोटोत सगळ्यात देखणी दिसणारी, पांढऱ्या भुकटीने माखलेली निळसर जातच सगळ्यात आधी मान टाकते.

इथे निभावतात ती वेगळी. ग्रॅप्टोपेटलम पॅराग्वायेन्से हे त्यातलं सगळ्यात चिवट. 1904 च्या सुमाराला न्यूयॉर्कला आलेल्या निवडुंगांच्या खोक्यात ते तळाशी सापडलं, पॅराग्वेचं समजून तसं नाव पडलं, निघालं मेक्सिकोचंच. दक्षिण आफ्रिकेची हॅवर्थिया ग्रिलच्या आतल्या सावलीतही तग धरते. घायपात तर मेक्सिकोहून येऊन आपल्याकडे कुंपणाला इतकी रुळली, की ती परदेशी आहे हे कुणाला सांगूनही खरं वाटत नाही.

तरीही एचेव्हेरियाच हवी असेल, तर ती नोव्हेंबरात घ्यावी. आणल्या आणल्या कोकोपीट झटकून, विटांचा चुरा आणि भरड रेती निम्म्याहून जास्त घातलेल्या मिश्रणात, मातीच्या कुंडीत लावावी, म्हणजे मेच्या आधी मुळं धरतात. जूनपासून छपराखाली, पंख्याचा किंवा खिडकीचा वारा लागेल अशा जागी ठेवावी आणि पानं सुरकुतेपर्यंत पाणी देऊ नये. शिवाय पहिला पावसाळा निभावला, की ऑक्टोबरातच दोन-चार निरोगी पानं खुडून कोरड्या रेतीवर ठेवावीत. पानफुटीच्याच कुळातली असल्यामुळे त्यांना देठाशी मुळं आणि इवली पिल्लं फुटतात, आणि पुढच्या पावसाळ्यात मूळ रोप गेलंच तर वाण घरात राहतं.