नकलेवर घडलेला जुना गेमर

चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस ‘आम्ही जुने गेमर’ म्हणतो तेव्हा त्याला काँट्रा आठवत असतो, मारिओ आठवत असतो, टँकचा गेम, सर्कसचा गेम, बदकं मारायची बंदूक आठवत असते. हे सगळं कुठल्या यंत्रावर खेळलात असं विचारलं, तर उत्तर येतं ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’, नाहीतर नुसतंच ‘टीव्ही व्हिडिओ गेम’. निन्टेंडो हे नाव बहुतेकांच्या कानावर पडलं ते कितीतरी वर्षांनी. खेळ निन्टेंडो, कोनामी, नामको या जपानी कंपन्यांचे होते आणि यंत्र मात्र पूर्व आशियातून आलेली नक्कल होती. जुना गेमर म्हणजे कोण, याचं अमेरिकेत आणि जपानमध्ये ठरलेलं उत्तर आपल्याला पुरतं लागू पडत नाही ते यामुळेच. आपला गेमर नकलेवर घडला. त्याला कोणते खेळ येतात, कोणते ठाऊकच नाहीत, कशाची सवय आहे, हे सारं त्या नकलेने ठरवलं. म्हणून तिचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

मूळ यंत्राचं नाव फॅमिली कॉम्प्युटर, जपानी बोलण्यात फॅमिकॉम. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने ते १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला बाजारात आणलं. रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याची. आत रिको कंपनीने बनवलेली, त्या काळच्या स्वस्त ६५०२ प्रोसेसरच्या घराण्यातली चिप. कामापुरती मेमरी फक्त २ किलोबाइट, म्हणजे या लेखातला एखादा परिच्छेद जेमतेम मावेल एवढी. डाव्या अंगठ्याखालचं अधिकच्या चिन्हासारखं बटण त्याच कंपनीतल्या गुन्पेई योकोई यांचं. ते आधी हातात मावणाऱ्या छोट्या खेळांसाठी तयार झालं होतं. आजच्या जवळपास प्रत्येक गेम-रिमोटवर ते कुठल्या ना कुठल्या रूपात आहेच.

त्याच वर्षी अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळत होता. कुणीही उठावं आणि अटारी या अमेरिकी कंपनीच्या यंत्रासाठी कॅसेट काढावी, अशी स्थिती झाली होती. भारंभार टाकाऊ खेळ आले आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न विकला गेलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला; २०१४ साली उकरल्यावर त्या कॅसेट खरोखरच सापडल्या. ही पडझड निन्टेंडोने नीट पाहिली होती. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये फॅमिकॉमची अमेरिकी आवृत्ती आणताना त्यांनी तिच्यात कुलूप घातलं. यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जुळलं तरच खेळ सुरू व्हायचा. परवानगीशिवाय कॅसेट बनवणाऱ्याचा रस्ता बंद.

जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हतं. आपली सगळी गोष्ट या एका फटीतून आत आली. तैवानमध्ये चिप बनवण्याचा उद्योग तेव्हा जोमात होता. यूएमसीसारख्या कंपनीने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपच्या (एक खेळ चालवणारी, दुसरी चित्र काढणारी) तोडीस तोड नकला तयार केल्या, आणि त्यांच्या जोरावर ‘मायक्रो जीनियस’सारखी यंत्रं निघाली. पुढे सगळं सर्किट एकाच चिपमध्ये कोंबता येऊ लागलं, तेव्हा यंत्राच्या आत हिरव्या पट्टीवर काळ्या रसायनाचा एक ठिपका आणि चार तारा एवढंच उरलं. खोकं रिकामं, वजनाला हलकं, किमतीला आणखी हलकं. हीच नक्कल रशियात ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’ आणि चीनमध्ये ‘शियाओबावांग’ या नावांनी घरोघर पोचली.

भारतात ती रुजली याला कारणं इथलीच होती. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आलं आणि दशक संपेपर्यंत मध्यमवर्गीय घरात टीव्ही स्थिरावला. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जकात जबर होती, परवान्यांची कटकट वेगळी. १९९१ नंतर दारं किलकिली झाली तरी जकात एकदम उतरली नाही. सेगा या जपानी कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर शॉ वॉलेस या इथल्या कंपनीमार्फत आपलं यंत्र अधिकृतपणे आणलं; त्याची किंमत १८,००० रुपयांच्या घरात होती. त्या काळी ही रक्कम कित्येक नोकरदारांच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी होती. मग लोक मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जात आणि त्याच्या अगदी थोड्या अंशात मिळणारी नक्कल घेऊन येत. वार्षिक परीक्षा संपली की बाबांच्या मागे लागायचं, आणि त्यांनी ‘निकाल बघू, मग ठरवू’ म्हणायचं, हे घरोघरी चाले.

या व्यवहारात मूळ खेळ रचणाऱ्यांना छदामही मिळाला नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्यांच्या कष्टावर दुसऱ्यांनी पैसे केले. पण त्या नकला आल्या नसत्या, तर इथल्या लाखो मुलांच्या वाट्याला हे खेळ आलेच नसते, हेही तितकंच खरं आहे. मला या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्याशा वाटतात.

नकलेने आपली आवड कशी ठरवली, ते कॅसेट उघडून पाहिलं की समजतं. हो, कॅसेटच. दुकानदारापासून आईपर्यंत सगळे तिला कॅसेटच म्हणत. तिच्यावरच्या स्टिकरवर ‘९९९९९९ इन १’ असा आकडा असे आणि टीव्हीवर खेळांची न संपणारी यादी यायची. चार-पाच पानं खाली गेलं की लक्षात यायचं, तेच पंधरा-वीस खेळ पुन्हा पुन्हा आलेत; कुठे तोच खेळ तिसऱ्या राउंडपासून सुरू होतो, कुठे लाईफ जास्त मिळतात, कुठे नुसतं नाव बदललंय. यादीतले बहुतेक खेळ १९८३ ते १९८६ मधले, जपानमधले. कारण सरळ होतं. सुरुवातीच्या फॅमिकॉमचे खेळ २४ ते ४० किलोबाइटमध्ये मावत आणि त्यांना कॅसेटमध्ये जास्तीची चिप लागत नसे. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा खेळ, ८ जगं आणि प्रत्येकात ४ टप्पे, आणि तो सगळा ४० किलोबाइटमध्ये. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच आकृतीचं केलेलं. रंग तेवढा बदलला. असे छोटे खेळ एका चिपवर डझनाने बसवता यायचे.

म्हणून आपल्या गेमरला ‘बॅटल सिटी’ तोंडपाठ. नामकोचा १९८५ चा हा टँकचा खेळ: ३५ टप्पे, विटांच्या भिंती, खाली मधोमध राखायचा गरुड, आणि स्वतःचा नकाशा रचायची सोय. फॅमिकॉमवर तो जपानपुरताच निघाला. अमेरिकेत त्या यंत्रावर त्याची अधिकृत कॅसेट आली नाही. सर्कस चार्लीचं तेच, रोड फायटरचंही अमेरिकेत तेच. त्याच वयाच्या अमेरिकी गेमरला या खेळांची नावं सांगितली तर तो अनेकदा कोरा चेहरा करतो. उलट त्याच्या बालपणाचा कणा असलेला ‘झेल्डा’ आपल्याकडे फारसा कुणी खेळलेला नसतो. झेल्डाच्या अमेरिकी कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायला बॅटरी होती. स्वस्त नकलेला बॅटरीचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, त्यामुळे चार आठवडे चालणारा, वहीत नकाशे काढत खेळायचा खेळ आपल्या वाट्याला आला नाही. आपण शिकलो ते एका बैठकीत संपणारे, हातघाईचे, दोघांनी मिळून खेळायचे खेळ.

आणखी एक गोष्ट, जी मला फार विलक्षण वाटते. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटे, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५० वेळा. हे खेळ चित्राच्या ठोक्यावर चालायचे. प्रत्येक ठोक्याला मारिओ एवढा पुढे, संगीताचा सूर एवढा पुढे. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांमध्ये ठोका मंदावला आणि त्याबरोबर खेळही. कोजी कोंडो यांनी रचलेली मारिओची धून आपण लहानपणी ऐकली ती साधारण सहाव्या हिश्शाने संथ. आज मूळ वेगातला मारिओ लावला की आपल्यातल्या अनेकांना तो घाईत असल्यासारखा वाटतो, उड्या चुकतात. बोटांना मंद वेगाची सवय झालेली असते.

खेळ अवघड का असत, याचं मूळ नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांत आहे. पार्लरमधल्या यंत्राची कमाई खेळणारा लवकर मरण्यावर अवलंबून. घरात नाणं टाकायचं नव्हतं, पण रचनाकार त्याच शाळेतले होते, आणि ४० किलोबाइटचा खेळ अर्ध्या तासात संपू नये यासाठी तो कठीण करणं हाच मार्ग होता. आपल्याकडे पार्लरही होतेच. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ इथे त्याच्या मूळ नावाने कुणी ओळखलाच नाही. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, म्हणून अख्खा खेळच ‘मुस्तफा’. यंत्राभोवती खेळणाऱ्यांपेक्षा बघे जास्त. पण बघत बघतच शिक्षण व्हायचं: कुठल्या खोक्यात खायला मिळतं, कुठला गडी कुठून येतो.

घरीही तेच. एक टीव्ही, दोन रिमोट, पाच-सहा पोरं. ‘मेलास, आता माझा डाव’ हा कायदा. पुस्तिका नाही, मासिक नाही, विचारायला इंटरनेट नाही. त्यामुळे युक्त्या तोंडोतोंडी फिरत. काँट्राच्या ३० लाईफचा मंत्र (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ मध्ये ग्रेडियस हा खेळ फॅमिकॉमवर आणताना त्यांना तो तपासायचा होता, पण इतका अवघड खेळ स्वतःला जमेना, म्हणून त्यांनी ही पळवाट ठेवली आणि ती तयार खेळात राहून गेली. पुढे कोनामीच्याच काँट्रातही तोच क्रम आला. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. नगरच्या एखाद्या वाड्यातल्या मुलापर्यंत तो क्रम कुणा मावसभावाकडून पोचला असणार, आणि त्या भावाला आणखी कुणाकडून.

बंदुकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिचं तंत्र अनेकांना आजही जादू वाटतं. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा घटक असतो. घोडा ओढला की टीव्हीचा पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. आधी काळोख दिसायला हवा ही अट अशासाठी, की कुणी बंदूक बल्बकडे धरून बदकं मारू नयेत. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक येतात, म्हणून कुठलं लागलं तेही कळतं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या अचूक वेळेवर बेतलेलं. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी किंचित थांबतो, आणि तेवढ्याने बंदूक निकामी होते. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचं मात्र शास्त्र नव्हतं. खेळ चालू व्हायचा तो काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पत्र्याच्या पट्ट्या उलट गंजायच्या.

पुढचं सगळ्यांना आठवतंच. शाळेच्या संगणक खोलीतला डेंजरस डेव्ह, मग प्लेस्टेशन, सायबर कॅफेतला काउंटर-स्ट्राइक. घरातला व्हिडिओ गेम माळ्यावर गेला, नाहीतर भंगारात.

जगभर आता या खेळांच्या जतनाचं काम चाललं आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत असं आढळलं. ही झाली अस्सल खेळांची अवस्था. नकलेच्या बाबतीत रशियाने बरंच लिहून ठेवलं आहे: डेंडी डिसेंबर १९९२ मध्ये आलं, स्टीपलर कंपनीने आणलं, त्यामागे व्हिक्टर साव्युक होते, त्याच्या हत्तीच्या चिन्हापासून टीव्हीवरच्या कार्यक्रमापर्यंत सगळं नोंदलेलं आहे. आपल्या सामुराई आणि लिटल मास्टरची अशी हकीकत कुणीतरी हातात घेतली पाहिजे.

यादीतले बदललेले खेळ, वाढवलेल्या लाईफ, चुकीच्या स्पेलिंगची नावं हे सगळं त्या त्या कॅसेटच्या चिपमध्येच आहे, आणि हौशी मंडळी आता साध्या उपकरणाने ती चिप वाचून प्रत काढू शकतात. माळ्यावर अशी कॅसेट असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी निदान तिच्या दोन्ही बाजूंचे आणि टीव्हीवरच्या यादीचे फोटो काढून ठेवावेत; साल आणि दुकान आठवत असेल तर तेही मागे लिहावं. आणि लॅमिंग्टन रोडला, तापकीर गल्लीत त्या वेळी गल्ल्यावर बसणारे बरेच जण आता साठी-सत्तरीत आहेत. माल कुठून यायचा, एका सुट्टीत किती खपायचा, कुठली कॅसेट लोक परत आणून द्यायचे, हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्याशी बोलायला हवं, आणि लवकर.