धुऱ्यावरचे भांडण आणि परिवीक्षेचे मानसशास्त्र

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात पोळ्याच्या दिवशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, जुना वाद उफाळला आणि वीस वर्षांच्या तरुणाने बैल हाकायच्या काठीने सख्ख्या काकाचे डोके फोडले. गुन्हा सिद्ध झाला तरी त्याची रवानगी लगेच कारागृहात होत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 6 नुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात 21 वर्षांखालील व्यक्तीला कैद द्यायची असल्यास न्यायालयाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा (कैदेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल मागवावा लागतो आणि कारणेही नोंदवावी लागतात. एरवी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, त्याला सोडता येते.

अहवालासाठी अधिकारी पोलीस पाटलांशी आणि शेजाऱ्यांशी बोलतो. मात्र ‘घरची परिस्थिती हलाखीची, वर्तणूक समाधानकारक’ एवढ्याने हा मुलगा पुन्हा काठी उचलेल की नाही, हे कळत नाही. 1990 मध्ये अँड्र्यूज, बोंटा आणि होज या संशोधकांनी यासाठी मांडलेली सूत्रे आजही उपयोगी पडतात. देखरेख किती ठेवायची हे पुन्हा गुन्हा घडण्याच्या शक्यतेवर ठरावे, आणि भर गुन्ह्याला खतपाणी घालणाऱ्या, बदलता येण्याजोग्या गोष्टींवर असावा: व्यसन, संगत, रिकामा वेळ, हिंसेचे समर्थन करणारे विचार. शिवाय पद्धत त्या माणसाला झेपणारी हवी. डोके फुटले म्हणजे पुढचा धोकाही मोठाच, असे नसते. कमी धोक्याच्या माणसावर कडक देखरेख लादली, तर अनेकदा उलटाच परिणाम होतो. ऐन कापूस वेचणीत हजेरीसाठी तालुक्याला गेल्याने त्याची मजुरी बुडते, आणि बाकावर शेजारी बसलेला सराईत गुन्हेगार त्याचा नवा दोस्त होतो.

‘दारू सोड’ हे त्याला सगळ्यांनीच सांगितलेले असते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या प्रेरक संवादाच्या पद्धतीत उपदेश मागे राहतो आणि बदलाचे कारण समोरच्याच्या तोंडून येऊ दिले जाते.

‘‘त्या दिवशी काय झालं, ते पहिल्यापासून सांग बरं.’’

‘‘पानठेल्यामागं घेतली, साहेब. मंग काका धुऱ्यावर दिसला न् डोस्कंच फिरलं. त्यानंच पयले शिवी देल्ली.’’

या उत्तरात बरेच काही हाती लागते. दारू, जागा आणि माणूस ही साखळी तर दिसतेच. शिवाय ‘त्यानंच’ या शब्दात साइक्स आणि मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये वर्णन केलेली, दोष पीडितावर ढकलून मन हलके करण्याची तऱ्हाही दिसते. गावात पानठेला एकच असतो आणि काकाचे शेत शेजारीच, त्यामुळे ‘त्या वाटेला जाऊ नकोस’ हा सल्ला निरुपयोगी. त्यापेक्षा ‘काका धुऱ्यावर दिसला, तर मी डवरा (कोळपे) थांबवून विहिरीवर जाईन’ अशी जर-तर स्वरूपाची योजना आधीच ठरवलेली बरी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या प्रयोगांत अशा नेमक्या योजना नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पाळल्या गेल्या.

अर्थात, धुरा कुणाचा हे समुपदेशनाने ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीच करून घ्यावी लागते, आणि माझ्या मते अधिकाऱ्याने तो अर्ज भरायलाही मदत करावी. कलम 5 खाली न्यायालयाने काकाला भरपाई द्यायला सांगितली असेल, तर ती फेडण्यात साहाय्य करणे हे कलम 14 प्रमाणे अधिकाऱ्याचे कामच आहे. न्यायालयाने मुदत दिल्यास कापूस विकल्यावर ती रक्कम भरता येते, आणि तोवर काकाच्या दवाखान्याचा खर्च किती झाला याचा हिशेब त्या तरुणालाच मांडायला सांगता येतो.