अमेरिकेत बाळाची जन्मनोंदणी: आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे असतील तर

डिलिव्हरीनंतर हॉस्पिटलमध्येच आईच्या हातात एक वर्कशीट येते. पत्ता, शिक्षण यांच्या जोडीला त्यात वंशही विचारलेला असतो. आई मराठी आणि वडील गोरे किंवा कृष्णवर्णीय असतील, तर 'बाळाचं काय लिहायचं?' इथे अनेक जोडपी अडतात. बाळाचा वंश विचारलेलाच नसतो. आईचा आणि वडिलांचा वेगवेगळा भरायचा, एवढंच.

नोंदणी अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची होते. पालकांचा व्हिसा कोणता, हे आड येत नाही. वंशासाठी आपल्याकडच्या जातीच्या दाखल्यासारखा कागद लागत नाही, तुम्ही सांगाल ते ग्राह्य. कागद लागतो तो वडिलांच्या नावासाठी: लग्न झालेलं नसेल तर दोघांच्या सह्यांचा पितृत्व मान्य केल्याचा फॉर्म.

आपली खूण 'एशियन इंडियन'वर करायची. 'अमेरिकन इंडियन' म्हणजे तिथले मूळ रहिवासी. घाईत 'इंडियन' एवढंच वाचून चूक होते. हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळाचे) आहात का, हा प्रश्न वेगळा आहे. गोव्याकडचं फर्नांडिस, डिसोझा आडनाव असलं म्हणून तिथे 'हो' म्हणू नका.

स्वतः आईच मिश्र वंशाची असेल तर लागू होतील त्या सगळ्या चौकटींवर खुणा करा. जन्मदाखल्याच्या 2003 च्या सुधारित नमुन्यापासून ही सोय आली, पण सगळी राज्यं त्यावर यायला 2016 उजाडलं. तोवर आकडे जुळावेत म्हणून अनेक खुणांचं रूपांतर एकाच वंशात केलं जाई.

आता सरकारी आकडेवारीत बाळ कुठल्या रकान्यात मोजलं जातं? 1989 पूर्वी पालकांपैकी एकच गोरा असेल तर बाळाला दुसऱ्याचा वंश मिळे. दोघंही गोरे नसतील आणि वंश वेगळे असतील तर वडिलांचा. मात्र एक जण हवाईयन (हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांपैकी) असला की बाळ हवाईयन. 1989 पासूनच्या राष्ट्रीय तक्त्यांत जन्म आईच्या वंशाखाली मोजतात. म्हणजे आई मराठी आणि वडील गोरे असतील तर जन्म आशियाई रकान्यात. उलट असेल तर गोऱ्यांच्या. मला हे अपुरं वाटतं, कारण कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळं कोणत्या समाजात जास्त, हे याच तक्त्यांवरून पाहतात. म्हणूनच वडिलांचा रकाना रिकामा सोडू नका. वडिलांची माहितीही नोंदीत राहते, आणि दोघांचे वंश एकत्र पाहणाऱ्या अभ्यासकांना तीच लागते.

चूक राहिली तर दुरुस्तीचा अर्ज बाळ जन्मलं त्या राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात करायचा, तुम्ही आता राहता तिथे नाही. फी आणि पुरावे राज्यागणिक बदलतात.