स्वाहिली: किनाऱ्यावरची भाषा एवढी पसरली कशी

दरवर्षी ७ जुलैला जागतिक किस्वाहिली दिवस असतो, किस्वाहिली म्हणजे पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा. युनेस्कोनं २०२१ मध्ये तो जाहीर केला, आफ्रिकेतल्या एखाद्या भाषेला असा दिवस मिळायची ती पहिलीच वेळ. ७ जुलै १९५४ ला टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, पुढे तिथले राष्ट्रप्रमुख झालेल्या ज्युलियस न्येरेरेंच्या नेतृत्वाखाली टानू हा पक्ष स्थापन झाला आणि त्यानं स्वातंत्र्याची चळवळ स्वाहिलीतून चालवली, म्हणून ती तारीख. आज युनेस्कोच्या हिशोबानं २० कोटींहून जास्त लोक ही भाषा बोलतात, पण मातृभाषा म्हणून बोलणारे त्यातले थोडेच, बाकी सगळ्यांनी घरात दुसरी भाषा असताना ही शिकलीय. हे कसं झालं ते समजून घ्यायला बरंच मागं जावं लागतं, आणि त्या इतिहासातले काही महत्त्वाचे कागद आपल्या पणजीत आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. स्वाहिली म्हणजे अरबीचीच मोडतोड झालेली भाषा असं खूप जणांना वाटतं, तसं अजिबात नाहीये. मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेकडो भाषांचं जे बांटू कुळ आहे त्यातली ही भाषा, व्याकरण पक्कं आफ्रिकन. अरबीतून शब्द भरपूर आले पण ते आल्यावर स्वाहिलीच्या नियमाला बांधले गेले. पुस्तक म्हणजे किटाबू, हा अरबी शब्द, पण सुरुवातीचा 'कि' बघून लोकांनी त्याला आपल्या कि-वि गटात, म्हणजे एकवचनाला कि आणि अनेकवचनाला वि लागणाऱ्या शब्दांत, टाकलं आणि अनेकवचन केलं विटाबू! आकडे बघा, एक ते पाच म्हणजे 'मोजा', म्बिली, टाटू, न्ने, टानो हे बांटू, मग सहा सिटा, सात साबा अरबी, आठ नाने परत बांटू, नऊ टिसा अरबी आणि दहा कुमी बांटू. व्यापाऱ्यांनी शेजारी बसून मोजामोजी केल्याशिवाय असं होत नाही.

तर हा व्यापार वाऱ्यावर चालायचा. डिसेंबर ते मार्च कास्काझी म्हणजे ईशान्येचा वारा, त्यावर अरबस्तानातून आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतं आफ्रिकेला यायची, एप्रिलनंतर कुसी हा उलटा वारा सुटला की परत. मधले काही महिने व्यापारी तिथंच अडकायचे, लग्नं करायचे, घरं बांधायचे. दक्षिण सोमालियापासून उत्तर मोझांबिकपर्यंत लामू, मालिंदी, मोंबासा, झांझिबार, किल्वा अशी एकेक बंदरं त्यातूनच मोठी झाली. इब्न बतूता १३३१ मध्ये किल्व्याला गेला होता आणि ते शहर किती देखणं आहे ते त्यानं लिहून ठेवलंय, मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या सोफालाहून येणाऱ्या सोन्याच्या व्यापारावर ते श्रीमंत झालेलं होतं.

१४९८ मध्ये वास्को द गामाला मालिंदीतच वाटाड्या मिळाला आणि तो कालिकतला पोचला. नंतर १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्वा आणि मोंबासा दोन्ही लुटलं. आता गोव्याचा संबंध इथं येतो, कारण पोर्तुगीजांचा पूर्व आफ्रिकेतला कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, त्यामुळे तिकडचा पत्रव्यवहारही इकडे जमा व्हायचा. स्वाहिलीतली आज माहीत असलेली सगळ्यात जुनी कागदपत्रं म्हणजे १७११ मध्ये किल्व्याहून मोझांबिकच्या पोर्तुगीजांना आणि त्यांच्या तिकडच्या मित्रांना लिहिलेली पत्रं, अरबी लिपीत, आणि ती गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. मला वाटतं गोव्यातल्या प्रत्येक शाळेत हे सांगितलं पाहिजे.

तोवर भाषा किनाऱ्यावरच होती. आत गेली ती ओमानच्या राजवटीत. सुलतान सय्यद सईदनं १८४० च्या सुमाराला आपली राजधानीच मस्कतहून झांझिबारला हलवली, लवंगेच्या बागा वाढल्या आणि हस्तिदंत आणि गुलाम आणायला बागामोयोहून टाबोरा, उजीजी करत थेट काँगोपर्यंत तांडे जायला लागले. कच्छी आणि गुजराती सावकारांचा पैसा त्यात होता. तांड्यांची भाषा स्वाहिली. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला, पण भाषा ज्या वाटेनं आत पोचली त्याच वाटेनं साखळदंडातली माणसं किनाऱ्याकडे चालत आली होती, हे सोडून स्वाहिलीचा इतिहास सांगताच येत नाही.

पैसा म्हणजे पेसा, गाडी म्हणजे गारी, लाखाला लाकी, विम्याला बिमा, शिवाय चपाती आणि काचुंबारी, हे सगळं भारतीय व्यापारी आणि कामगारांबरोबर गेलं. पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश मुलखात १९२० पर्यंत चलनही रुपयाच होतं.

मिशनऱ्यांनी हिला रोमन लिपीत आणलं, मोंबासात क्राफनं आणि झांझिबारला स्टीअरनं. टांगानिका जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हा त्यांनी कारभार स्वाहिलीत चालवला, खालचे अधिकारी त्यातच तयार केले. १९०५ च्या माजी माजी उठावात वेगवेगळ्या जमाती जर्मनांविरुद्ध एकत्र आल्या तेव्हा एकमेकांशी बोलायलाही हीच भाषा कामी आली. मग पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख घेतलेल्या इंग्रजांनी १९२८ च्या मोंबासा परिषदेत झांझिबारची किउंगुजा बोली प्रमाण ठरवली. मोंबासाच्या किम्विटा बोलीत कवितेची परंपरा जुनी होती, तिथल्या लोकांना हे लागलं आणि ते लागणं बरोबरच होतं.

खरा निर्णय मात्र न्येरेरेंचा. टांझानियात १२० हून जास्त जमाती, सगळ्यात मोठी सुकुमा, तीही लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याएवढी नाही, आणि न्येरेरे स्वतः झानाकी या अगदी छोट्या जमातीतले. स्वाहिली कुठल्याच मोठ्या जमातीची नव्हती म्हणून कुणाला ती दुसऱ्याची वाटली नाही. १९६७ मध्ये प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत झालं, भाषेसाठी बाकिटा ही सरकारी परिषद झाली, न्येरेरेंनी स्वतः शेक्सपिअरची दोन नाटकं अनुवादित केली. देशाचा राष्ट्रप्रमुख असताना माणूस एवढं करतो याचं मला फार मोल वाटतं.

शेजारी मात्र चित्र वेगळं. केनियात २०१० च्या घटनेनं इंग्रजीबरोबर अधिकृत दर्जा दिला, पण नैरोबीच्या गल्ल्यांत पोरं शेंग बोलतात, म्हणजे स्वाहिली, इंग्रजी आणि बाकीच्या भाषांची मिसळ. युगांडात ही सैन्याची आणि पोलिसांची भाषा, हुकूमशहा इदी अमीननं १९७३ मध्ये राष्ट्रभाषा केली, त्यामुळे लोकांना तिच्याबद्दल धास्तीच जास्त. पूर्व काँगोत किवूपासून लुबुम्बाशीच्या तांब्याच्या खाणींपर्यंत रोजचा व्यवहार यातच. रवांडानं २०१७ मध्ये अधिकृत केली, आफ्रिकन युनियननं २०२२ मध्ये कामकाजात घेतली.

आणि टांझानियात अजूनही एक गाठ सुटलेली नाही. सातवीपर्यंत स्वाहिलीत शिकलेली मुलं माध्यमिक शाळेत गेली की एकदम सगळं इंग्रजीत, विज्ञान, गणित, परीक्षा सगळं. शिक्षक इंग्रजीत फळ्यावर लिहितात आणि समजावताना स्वाहिलीत बोलतात, पेपर मात्र इंग्रजीतच द्यायचा. बदलायची चर्चा कित्येक वर्षं चालूय. पालकांना वाटतं इंग्रजीशिवाय नोकरी नाही, त्यांचंही चूक म्हणता येत नाही, पण जी भाषा अख्ख्या देशाला बांधू शकली ती आठवीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवू शकणार नाही हे मला तरी पटत नाही.