शरीररचना आणि शरीरक्रिया

माणसाच्या शरीरातला कोणता भाग कुठे आहे, कशाला लागून आहे आणि कशाचा बनला आहे, हे सांगते ते शरीररचनाशास्त्र. तो भाग काम कसे करतो, हे सांगते ते शरीरक्रियाशास्त्र. कॉलेजात दोघांना अ‍ॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी याच नावांनी ओळखतात. आयुर्वेदाच्या पदवीला हेच विषय रचना शारीर आणि क्रिया शारीर या नावांनी असतात, आणि नावे म्हणून तीच जास्त नेटकी आहेत. कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय असो, नेरूळ-कामोठ्याची महाविद्यालये असोत, की ठाण्यातले एखादे नर्सिंग स्कूल, पहिल्या वर्षाला या दोन विषयांतून सुटका नाही. एमबीबीएसला जोडीला जीवरसायनशास्त्र येते.

नस म्हणजे नेमके काय

शरीराबद्दल बोलताना मराठी घरात एका शब्दावर फार ओझे पडते: नस. सलाईन लावताना सिस्टर ‘नस सापडत नाही’ म्हणते, तेव्हा ती शीर असते. ‘मानेची नस दबली’ म्हणतात तेव्हा ती चेता असते, म्हणजे मेंदूचे संदेश नेणारी-आणणारी दोरी, इंग्रजीतली नर्व्ह. रात्री झोपेत पोटरीत ‘नसेवर नस चढते’, तेव्हा प्रत्यक्षात स्नायू आखडलेला असतो. ‘हाताची नस कापली’ या वाक्यात तर धमनी, शीर, कंडरा, काहीही असू शकते. रचनाशास्त्राचा अभ्यास खऱ्या अर्थाने या एका शब्दाची फोड करण्यापासून सुरू होतो.

त्यासाठी स्वतःचे मनगट पुरते. तळहात वर करा, अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत दुमडा. मधोमध ताणलेल्या दोरीसारखे काहीतरी वर येते. ती कंडरा: स्नायूला पुढच्या भागाशी जोडणारा पांढरा, चिवट पट्टा. काही लोकांत ही मधली कंडरा नसतेच, आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडत नाही. आता हात सैल सोडून अंगठ्याच्या बाजूला, हाडावर, दोन बोटे हलकी ठेवा. तिथे ठोका लागतो, ती धमनी. कातडीखाली निळसर दिसतात त्या शिरा. चौथी गोष्ट दिसत नाही. मधल्या कंडरेच्या अगदी खालून एक जाड चेता तळहातात शिरते. मनगटातल्या अरुंद बोगद्यात ती दाबली गेली की अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. करंगळी मात्र सुटते, कारण तिची चेता वेगळ्या वाटेने, कोपराच्या मागून येते. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत जी सणक जाते, ती याच चेतेची.

म्हणजे दोन बोटांच्या रुंदीत चार वेगवेगळ्या गोष्टी. काच लागून मनगट कापलेला माणूस अपघात विभागात आला की डॉक्टर या चारींचा वेगवेगळा हिशेब घेतात. रक्त ठोक्याठोक्याने उडते आहे की नुसते वाहते आहे, बोट दुमडते का, बोटाच्या टोकाला कापसाचा स्पर्श कळतो का. ‘नस कापली’ एवढ्यावर टाका घालून भागत नाही.

पुस्तकी मराठीतही सगळे आलबेल आहे असे नाही. जुन्या ग्रंथांत रोहिणी आणि नीला आहेत, शाळेच्या पुस्तकात त्याच धमनी आणि शीर होतात. पेशी या शब्दाची गंमत तर और आहे. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या भाषेत स्नायू, आणि त्या ५०० सांगितल्या आहेत. स्नायू मात्र तिथे हाडे-सांधे बांधणारे दोर आहेत, त्यांची संख्या ९००. आजच्या मराठीत पेशी हा शरीराचा सर्वांत लहान सजीव घटक झाला आणि स्नायू मांसाच्या जागी येऊन बसला. हिंदीत अजून मांसपेशी म्हणजे स्नायू आणि कोशिका म्हणजे पेशी. ठाणे-नवी मुंबईच्या वर्गात मराठी आणि हिंदी माध्यमाची मुले शेजारी बसतात, तेव्हा हा घोळ वहीवर दिसतोच. शेवटी सगळे ‘सेल’ आणि ‘मसल’वर समेट करतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सुश्रुताने हाडे ३०० मोजली. आज प्रौढ माणसाची हाडे २०६ धरतात. फरक मोजणीच्या पद्धतीचा आहे. त्या मोजणीत दात आणि कूर्चाही (नाका-कानातली असतात तशी मऊ हाडे) होत्या. प्रेताची तपासणी कशी करावी हेही त्याने लिहून ठेवले आहे: प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवायचे, मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडत बघायचा. युरोपात व्हेसेलियसने स्वतः शवविच्छेदन करून आपला सचित्र ग्रंथ १५४३ साली छापला. विल्यम हार्वेने रक्त शरीरभर गोल फिरते हे १६२८ मध्ये मांडले. भारतात आधुनिक वैद्यकशिक्षणातले पहिले मानले जाणारे शवविच्छेदन १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी केले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतरचे, १८४५ चे.

जागा सांगण्याची शिस्त

रचनाशास्त्राला एक ठरलेली उभी पोझ लागते: माणूस सरळ उभा, तोंड समोर, हात बाजूला, तळहात पुढे. मग तो टेबलावर उताणा असो की पालथा, सगळी वर्णने या पोझप्रमाणेच करायची. उजवे-डावे त्याचे, बघणाऱ्याचे नव्हे. पहिल्या महिन्यात निम्मा वर्ग इथेच चुकतो.

बांधणी तळापासून वर जाते: पेशी, ऊती (एकसारखे काम करणाऱ्या पेशींचे समूह), अवयव, संस्था. ऊतींचे चारच प्रकार आहेत, अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता, आणि जठरासारख्या एका अवयवात चारही सापडतात. संस्था साधारण अकरा मोजतात. ही यादी पाठ करण्याची गोष्ट आहे, तिच्यावर जास्त थांबण्यात अर्थ नाही.

अवयवाचा पत्ता नीट माहीत नसेल तर दुखणे फसवते. अपेंडिक्स ओटीपोटात उजवीकडे असते, पण सुजले की आधी बेंबीभोवती दुखते. कारण अपेंडिक्सकडून येणारा संदेश मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोहोचतो, तिथेच बेंबीभोवतालच्या त्वचेचाही येतो. मेंदू दुखणे त्वचेच्या पत्त्यावर नोंदवतो. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मगच दुखणे उजवीकडे खाली सरकते. ‘आधी इथे होतं, आता इथे आलं’ असे रुग्ण बोट फिरवून सांगतो, तेव्हा डॉक्टरच्या दृष्टीने अर्धे निदान झालेले असते.

पुलावर धावणारे शरीर

क्रियाशास्त्र समजायला ठाणे स्टेशनसारखी प्रयोगशाळा नाही. सकाळची वेळ, वाशीची गाडी लागल्याची अनाउन्समेंट, आणि माणूस जिना चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे धावत सुटतो. पहिली पायरी चढण्याआधीच त्याच्या हृदयाची गती वाढलेली असते. स्नायूंना ऑक्सिजन कमी पडण्याची वाट मेंदू बघत नाही. विश्रांतीत हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलीटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर, म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त मिनिटाला एक फेरी मारते. जिन्यावर हा आकडा सहज दुप्पट होतो. आतड्यांकडचे रक्त आवरते घेऊन पायांच्या स्नायूंकडे वळवले जाते. भरल्या पोटी धावू नको, असे आजी म्हणते त्यात तथ्य आहे. श्वास किती घ्यायचा हे ठरवताना मेंदूतले केंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर जास्त नजर ठेवते, ऑक्सिजनवर त्यामानाने कमी. ही गोष्ट परीक्षेत हमखास विचारतात आणि हमखास उलटी लिहिली जाते.

मग घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अट वाळण्याची आहे. खाडीकाठच्या मे महिन्यात हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे घाम वाळण्याऐवजी निथळतो. पाणी आणि मीठ जाते, थंडावा मात्र मिळत नाही. पुणेकर ठाण्यात आला की ‘तिकडे तापमान जास्त असतं पण एवढा त्रास नाही’ म्हणतो, त्याचे कारण हेच.

गाडी मिळाली. दिघा गाव, ऐरोली, रबाळे. आता तो दाटीत खिळून उभा आहे. पायांतले रक्त वर चढवण्याचे काम एरवी पोटऱ्यांचे स्नायू करतात: चालताना ते आवळतात, शिरा पिळतात, आणि शिरांतल्या झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत. हलायला जागा नसली की हा पंप बंद पडतो. उकाड्याने कातडीतल्या रक्तवाहिन्याही रुंदावलेल्या असतात. रक्त खाली साचते, हृदयाकडे कमी येते, मेंदूला कमी पोहोचते, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शरीर त्याला आडवे पाडते, आणि खरे म्हणजे तोच त्यावरचा उपाय असतो, कारण आडव्या अंगात रक्ताला चढण चढावी लागत नाही. नेमके त्याच वेळी भोवतालचे चार भले लोक त्याला बगलेत धरून उभे ठेवतात. जागा करून त्याला निजवावे, पाय थोडे उचलावेत, आणि शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नये.

या सगळ्या धडपडीचा हेतू आतली परिस्थिती फार बदलू न देणे हा असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी शरीराच्या या आतल्या पर्यावरणाची कल्पना मांडली. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिले, मराठीत समस्थिती. सोसायटीच्या टाकीतला बॉलकॉक आठवावा: पाणी वर आले की तरंगता गोळा वर जातो आणि स्वतःच नळ बंद करतो. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, साखर उतरली की हात आखडता घेते. शरीराचे तापमान, रक्तदाब, रक्ताची आम्लता, सगळीकडे असे बॉलकॉक आहेत. मूत्रपिंडे तर दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत आत घेतात. उलटा प्रकारही आहे, पण मोजक्या ठिकाणी. प्रसूतीत कळ जितकी जोराची, तितके कळा आणणारे संप्रेरक जास्त सुटते, आणि बाळ बाहेर येईपर्यंत हे चक्र वाढतच जाते.

हॉलमधले शरीर

विच्छेदनासाठीचे शरीर दोन वाटांनी येते. बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने केली. दुसरी वाट देहदानाची. वृत्रासुराला मारायला आपली हाडे देणारा दधीची या कामी नावापुरता तरी उपयोगी पडला. डोंबिवलीचे देहदान मंडळ त्याच्याच नावाने चालते. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर फोन करणारे नातेवाईकच असतात, त्यामुळे घरात आधी बोलणे झालेले असावे लागते. मृत्यूचा दाखला लागतो आणि मृतदेह काही तासांत पोहोचवावा लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा गंभीर संसर्ग असलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान आधी करून मग देहदान करता येते.

देह टिकवण्यासाठी फॉर्मलिनयुक्त द्रव जांघेतल्या किंवा मानेतल्या धमनीतून आत सोडतात. हृदय ज्या वाटांनी रक्त पाठवत होते, त्याच वाटांनी तो सगळीकडे पोहोचतो. टेबलापाशी जाण्याआधी विद्यार्थी शपथ घेतात, आणि या देहाला पहिला गुरू म्हणण्याची पद्धत आहे. हा गुरू पुस्तकाशी सहमत असतोच असे नाही. पुस्तकात मूत्रपिंडाला एक धमनी असते, टेबलावर पुष्कळदा दोन निघतात. अपेंडिक्स आतड्याच्या मागे दडलेले सापडते. आणि मनगट उघडले की कधीकधी मधली कंडराच नसते.