उंदराचा ब्रेक, माणसाचा ब्रेक

‘उंदरांवर प्रयोग यशस्वी!’ ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली की मला एनके पेशी आठवतात. नैसर्गिक मारक पेशी. या रक्तात हिंडतात आणि विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगी पेशींना मारतात. त्यांना शत्रू कळतो कसा? १९८६ मध्ये स्वीडनच्या क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवलं की एमएचसी वर्ग-१ नावाची, शरीराच्या जवळपास सगळ्या निरोगी पेशींवर असणारी प्रथिनं ज्यांच्या अंगावर नसतात त्या पेशी मारल्या जातात. ही प्रथिनं म्हणजे परवलीचा शब्द. गडाच्या दरवाजावरचा पहारेकरी परवलीचा शब्द ऐकला की तलवार म्यान करतो, तसंच हे.

तो शब्द ऐकणारा कान म्हणजे एनके पेशीवरचा रिसेप्टर, आणि खरी गंमत इथेच आहे. उंदरात हे काम लाय-४९ कुळातली प्रथिनं करतात, माणसात केआयआर कुळातली. दोन्हींची घडण अगदी वेगळी: पहिली लेक्टिनसारखी (लेक्टिन म्हणजे साखरेला चिकटणारी प्रथिनं), दुसरी अँटिबॉडीच्या घराण्यातली. जनुकंही वेगळी, उंदरात सहाव्या गुणसूत्रावर, आपल्यात एकोणिसाव्या. आपल्याकडे लाय-४९ चं एकच जनुक उरलंय, तेही निकामी. पण पेशीच्या आत डोकावणारी शेपटी बघा! दोन्हीकडे तिच्यात टायरोसिन हे अमिनो आम्ल असतं, त्याला फॉस्फेट चिकटतं, मग एसएचपी-१ हे एन्झाइम तिथे येऊन बसतं आणि ‘मारा’ हा निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकतं. कान निराळे, ब्रेकची तार तीच.

शिवाय प्रत्येक एनके पेशी या कुळातले काहीच रिसेप्टर दाखवते, बहुतांशी नशिबाने. केआयआरच्या बाबतीत कुठलं जनुक बंद राहणार हे डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा ठरवतात, आणि पेशी दुभंगली तरी त्या खुणा टिकतात. ज्या पेशीला स्वतःच्या शरीराचा शब्द ऐकणारा एकही कान मिळाला नाही, ती मोकाट सुटायला हवी ना? उलट ती मंद होते! दोन्ही प्राण्यांत हेच घडतं.

(‘इम्युनिटी बूस्टर’ काढे विकणाऱ्यांना या ब्रेकचा पत्ताच नसतो. कर्करोगाच्या उपचारात पीडी-१ सारखा (प्रतिकारक पेशींवरचाच आणखी एक रिसेप्टर) ब्रेक औषधाने सोडला, तर काही रुग्णांच्या आतड्याला, थायरॉइडला स्वतःच्याच प्रतिकारक पेशींचा मार बसतो.)

पीडी-१ किंवा एनके पेशींवरचा एनकेजी-२ए हे ब्रेक उंदरात आणि माणसात दोन्हीकडे आहेत, त्यामुळे तिथे उंदीर कामाला येतो. लाय-४९ ला पकडणाऱ्या अँटिबॉडीला मात्र माणसाच्या एनके पेशीवर पकडायला काहीच सापडत नाही. म्हणूनच प्रयोगशाळांत माणसाची केआयआर जनुकं घातलेले उंदीर तयार करावे लागले.